दीडशे टक्के

— दीडशेच. बरोबर वाचलंत, बाई. चष्मा पुसू नका, पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीही पुसला होता. डिस्क किती भरली की इशारा द्यायचा? तर दीडशे टक्के भरली की. आता शंभराच्या वर कुठलंच भांडं भरत नाही हे शाळेतल्या पोराला कळतं, पण हे डोळ्यांचं हॉस्पिटल आहे, इथे डोळे तपासतात, डोकी तपासायची सोय नाही. बसा ना. ती पिशवी ढकला खाली, कुणाची आहे देव जाणे — ही खोली सर्व्हरची, म्हणजे सगळ्या पेशंटांचे कागद, फोटो, सगळं या एका मशीनच्या पोटात, आणि खोलीत ठेवतात काय? मोडके वॉकर, ओले पोछे, आणि परवा तर कुणीतरी मशीनच्या डोक्यावर अर्धा खाल्लेला डबा ठेवून गेलं. मुंग्या, बाई! मुंग्यांची रांग थेट पंख्याच्या जाळीतून आत. शिसारी येते मला. पण माझ्या शिसारीला या इमारतीत विचारतो कोण.

तर विश्वस्तांनी तुम्हाला पाठवलंय, वॉचमनच्या बायकोच्या डोळ्याचे फोटो कुठे गेले ते शोधायला, आणि ते कुणाच्या गळ्यात बांधायचं तेही — नाही, तुम्ही तसं म्हणाला नाहीत, मी म्हणतोय. जावईबापूंनी माझं नाव घेतलंच असेल. घेतलं ना? वाटलंच. ‘स्क्रिप्ट काकांची आहे’ म्हणाले असतील. आहेच माझी. लपवण्यासारखं काय आहे त्यात? हे बघा, दाखवतो. शेल स्क्रिप्ट म्हणजे काही अगडबंब नसतं — मशीनला एकामागून एक द्यायचे हुकूम, एका फाइलीत लिहून ठेवलेले. ही ओळ डीएफ — म्हणजे, बये, किती भरलीस आणि किती रिकामी आहेस ते सांग. त्यावर ती भलामोठा तक्ता काढून देते, मला त्यातला एकच आकडा पाहिजे, तो या ओळीत उचलला. तो येतो टक्क्याच्या चिन्हासकट, आणि ते शेपूट कापल्याशिवाय मशीन त्याला आकडा मानायला तयार नाही — यात माझे दोन दिवस गेले, मी मूळचा रेकॉर्ड विभागातला कारकून, मला कोण शिकवणार, पुस्तक मांडीवर घेऊन बसलो. मग इथे ‘जर’ — जर आकडा नव्वदच्या वर गेला, तर व्यवस्थापकांना ईमेल कर. नसेल गेला, तर गप्प बस. रोज सकाळी आपापली चालते. संपलं. कधी बोलायचं आणि कधी गप्प बसायचं हे कळणारी या इमारतीत ती एकटीच होती.

जावईबापू म्हणजे? अहो, व्यवस्थापक. मोठ्या डॉक्टरांचे जावई. पात्रता विचारताय? लग्न. त्याआधी पडद्यांच्या कापडाचं दुकान होतं, ते बुडवून इकडे आले. माणूस हसतमुख, केस कायम ओले, आणि दिसेल त्याचं चित्रण करायची हौस. नव्या विभागाचं उद्घाटन झालं, तर तीन कॅमेरे — फीत कापताना कात्री चालेना, मग मोठ्या डॉक्टरांनी दातांनी — खरंच, तेही आहे त्यात. हे सगळं कुठे ठेवलं? माझ्या डिस्कवर. पेशंटांच्या फोटोंच्या मांडीला मांडी लावून. त्याची एक फाइल ‘फायनल’. मग ‘फायनल नवीन’. मग ‘हेच फायनल’. मग ‘हेच फायनल पप्पांसाठी’. पप्पा म्हणजे सासरे. एकेक फाइल एवढी की तेवढ्यात हजार माणसांचे डोळे मावतील. हात लावायची सोय नाही, बरं का! ‘काका, काही पुसायचं नाही, हा हॉस्पिटलचा इतिहास आहे.’ इतिहास! कात्रीचा.

अर्थात नव्वद ओलांडलं. स्क्रिप्ट बोलायला लागली. सोमवारी बोलली, मंगळवारी बोलली, आठवडाभर बोलली. मग एके दिवशी जावईबापू खाली उतरले, नाकाला रुमाल — पोछ्यांचा वास — आणि म्हणाले, ‘काका, हे सकाळी सकाळी रडगाणं काय लावलंय? नव्वदलाच का ओरडते ही?’ म्हटलं, ‘साहेब, मर्यादा नव्वद ठेवलीय.’ ‘ठेवली कुणी?’ ‘मीच.’ तर माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी घरातलं धान्य चोरून विकलंय. ‘म्हणजे इतके दिवस जागा तुम्ही अडवून ठेवलीत?’ — कळलं का बाई तुम्हाला? मला कळायला अर्धं मिनिट लागलं. त्यांना वाटलं, तो आकडा म्हणजेच डिस्क! मी कंजूषपणाने नव्वदवर आवळून धरलीय, ढिली सोडली की वाढेल, त्यांच्या पडद्याच्या कापडासारखी. मला बाजूला सरकवलं, नव्वद खोडलं, दीडशे लिहिलं, ओले केस मागे केले आणि म्हणाले, ‘झालं. पाच वर्षांची सोय.’ आणि खरंच, बाई, दुसऱ्या दिवसापासून ईमेल बंद! गुण आला ना लगेच! हसू नका.

आणि एवढ्यावर थांबले असते तरी पुष्कळ होतं. सगळ्यांची बैठक भरली, त्यात उभं राहून सांगितलं — नवी खरेदी न करता साठ टक्के जागा वाढवली. टाळ्या. अहो खरंच टाळ्या, भूलतज्ज्ञसुद्धा जागे झाले. मी हात वर केला. म्हटलं, ‘साहेब, ती जागा नाही, ती नुसती —’ तर मोठे डॉक्टर म्हणाले, ‘काका, तुमचा जीव त्या नव्वदमध्ये अडकलाय. जुनी माणसं, मर्यादा पाळणारच.’ काय हशा पिकला! परिचारिका हसल्या, हिशेबनीस हसला, ज्याच्या अर्जाचं इंग्रजी मी सुधारून देतो तो औषधवाला हसला. मी बसलो खाली. त्या दिवशी ठरवलं, आता या तोंडातून एक शब्द — म्हणजे, बैठकीत बोलायचं नाही, असं. दुसरं काय ठरवणार.

वॉचमनची बायको? हो, त्यावरच येतोय. तिला तुम्ही भेटलात? इथल्याच उशांचे अभ्रे शिवते ती. साखरेने एक डोळा आधीच गेलेला. दुसऱ्यावर लेझर करायचं ठरलं होतं, त्यासाठी आतल्या पडद्याचे फोटो काढतात, ते पाहून डॉक्टर कुठे डागायचं ते ठरवतात. फोटो काढले. फोटोच्या मशीनवरच्या मुलीने स्क्रीनवर पाहिले, छान आले म्हणाली, बटण दाबलं, पुढचा पेशंट. आणि डिस्कवर काय उतरलं? नाव. नुसतं नाव. ही बघा फाइल, तिचं नाव आहे, तारीख आहे, आणि आकार बघा — शून्य. पाकीट आहे, आत कागदच नाही. डिस्क गच्च भरली की असंच होतं, नाव लिहिण्यापुरता कोपरा मिळतो, फोटोला मिळत नाही. लेझरच्या दिवशी डॉक्टर फाइल उघडतात तर काळं. ‘पुढच्या आठवड्यात पुन्हा काढा.’ पुढच्या आठवड्यात बसवली तिला मशीनसमोर, तर तोवर डोळ्यात रक्त उतरलेलं. आता फोटोही येत नाही, लेझरही होत नाही. आता म्हणे थांबायचं, निवळतं का बघायचं. ती आपली बाकावर बसून सुईत दोरा ओवायला बघते, अंदाजाने. मला नाही बघवत ते. मी हल्ली त्या बाजूने जातच नाही.

तो वॉचमन भला माणूस. रोज येतो इथे, टोपी काढून उभा राहतो. ‘काका, सापडला का फोटो?’ मी म्हणतो, ‘शोधतोय.’ काय सांगू? शून्यात काय शोधू? त्याला वाटतं, मीच काय तो एक त्याच्या बाजूचा आहे. ‘तुम्ही होतात म्हणून निदान कळलं तरी,’ म्हणतो. आणि ते जावईबापू, त्यांनी काय केलं? तिला फळांची टोपली पाठवली आणि देतानाचं चित्रण केलं! थुंकावंसं वाटतं, बाई. ठेवलं असेल इथेच कुठेतरी, ‘टोपली फायनल’.

म्हणून सांगतो, लिहा तुमच्या अहवालात — मर्यादा कुणी बदलली, टाळ्या कुणी वाजवल्या. मी माझं काम चोख केलेलं आहे. स्क्रिप्टचं तोंड बांधलं तरी मी माझा रोज हाताने डीएफ टाकून बघत होतोच. रोज. चहाचा कप घेऊन बसायचो आणि बघायचो. पंच्याण्णव. सत्त्याण्णव. खोटं कशाला बोलू, सकाळची गोडी त्यातच होती, म्हणायचो, चढ बाई चढ, बघू दे यांची पाच वर्षांची सोय. अठ्ठ्याण्णवला दोन दिवस अडकली तर चुकल्या-चुकल्यासारखं वाटलं मला! आणि मग त्या दिवशी सकाळी, शंभर. काठोकाठ. म्हटलं, आता येतील धावत. आता जिना उतरून येतील सगळे, ओले केस घेऊन, आणि म्हणतील, काका, चुकलं, आणि मी सावकाश चष्मा लावून —

काय म्हणालात?

सकाळी. हो. त्याच दिवशी. नाही, फोटो तिचे दुपारी काढले. जेवणानंतर.

नाही, मला कुठे माहीत कोण कधी फोटोला बसणार! — म्हणजे जाताना दिसली होती, बाकावर. हसलीसुद्धा. पण रोज इतके बसतात, बाई, माणूस कुणाकुणाचं — आणि मी सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं! बैठकीत हात वर केला होता, सगळ्यांसमोर! मग हसले कशाला? हसल्यावरही मीच पुन्हा जिना चढायचा?

पुसायला? एक ओळ. एकच हुकूम लागतो. ‘फायनल नवीन’ उडवली असती तरी महिनाभर — हो. परवानगी होतीच मशीनची, सगळी माझ्याच हातात असते. नाही टाकली.

हे लिहिताय कशाला? हे मी तुम्हाला बोलता बोलता सांगितलं, ते काही अहवालातलं नव्हे. आणि वेळ बरीच झाली, तुमचीही कामं असतील. या आता. स्क्रिप्टची प्रत पाठवून देतो विश्वस्तांना, त्यात सगळं आहे. आणि बाई, मागच्या दाराने जा. पुढे फाटकावर तो असतो. तो विचारतो प्रत्येकाला, काका काय म्हणाले म्हणून, त्याला आपलं काहीतरी —

बाई, मागचं दार इकडे. डावीकडे. तुम्ही निघालात ते फाटकाकडे जातं.

बाई, इकडे.

बाई —