कमरेची गाठ

ऐका गं बायांनो, पेंगू नका. आज पाचवी. सटवाई बाळाच्या कपाळी लिहायला येणार आणि आपण घोरत पडायचं? पाट्यावर कोरा कागद आहे, पेन आहे. दिव्यात तेल घाला कुणीतरी. हं, आता ऐका. तृप्ते, तू इकडे ये, माझ्या मांडीशी बस. आठवा सरत आलाय पोरीचा आणि परवापासून धड जेवत नाही. "आई, मला जमेल का? अडलं तर?" दिवसाला दहा वेळा तेच! म्हणून सांगते. तेहतीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट आहे. चांगुणे, तूही ऐक. तुझीच आहे ती.

ही चांगुणा माझी धाकटी जाऊ. आज आजी होऊन मिरवतेय, तेव्हा पहिलटकरीण होती. आजचं हे बाळ ज्याचं, तो सुदाम तिच्या पोटात. घरातले दोघे बाप्ये बैलबाजाराला गेलेले. दिवेलागणीला कळा सुरू झाल्या आणि मध्यरात्र उलटली तरी बाळ पुढे सरकेना. तयारी काय होती म्हणाल तर काही नाही! आधीपासून तयारी केली तर दृष्ट लागते, असं सासूबाईंचं म्हणणं. एक धडुतंसुद्धा धुऊन ठेवलेलं नव्हतं.

सासूबाई म्हणाल्या, "गाठी सोड."

तुम्हा आजच्या पोरींना ठाऊक नसेल. बाई अडली की घरात एक गाठ ठेवायची नाही. मी धावत सुटले. पेटीचं कुलूप काढलं. पोत्यांच्या सुतळ्या सोडल्या. गोठ्यात जाऊन म्हशीचं दावं सोडलं. चांगुणेची वेणी सोडली, सासूबाईंचा अंबाडा सोडला, माझा सोडला.

"सगळ्या सोडल्यास?"

"सगळ्या."

"मग पळ. हौसाबाईला घेऊन ये."

हौसाबाई म्हणजे सुईण. ओढ्यापलीकडे वरच्या वाडीत राहायची. सडकेनं गेलं तर तास, करंजाच्या पायवाटेनं अर्धा. पण त्या वाटेनं रात्री कुणी जात नसे. तिथे साळू होती. कुंभाराची सून. तीही अशीच अडली, म्हणून झोळीत घालून हौसाबाईकडे नेत होते. करंजाखाली पोहोचली आणि तिथेच संपली, पोटातल्यासकट. झोळी तशीच फांदीला लटकत राहिली. गाव तिला अळवंतीण म्हणायचं. बाळंतपणात गेलेली बाई दुसरं काय होणार?

मी निघाले. हातात कंदील, तोंडात जानाईचं नाव. ओढा ओलांडला. करंज आला. करंज मागे पडला. चालले, चालले, आणि समोर करंज! म्हटलं, दुसरा असेल. पुन्हा चालले. पुन्हा करंज! फांदीला तीच फाटकी झोळी. आता मला सांगा, वाट सरळ, मी सरळ, मग मागे टाकलेलं झाड पुढे कसं?

"चकवा लागला असेल, अक्का."

मध्ये बोलू नकोस गं चांगुणे! तिसऱ्यांदा आले तर झाडाखाली बाई बसलेली. पाठमोरी. केस मोकळे, केसांतून पाणी गळतंय. पुढ्यात सुंभाचा ढीग. म्हणाली, "बाई, एवढी गाठ सोड गं. माझी बोटं चालेनात." आवाज इतका दमलेला की मला आधी भीती वाटलीच नाही. कीव आली. बसले खाली. गाठ सोडली. पुढे दुसरी. ती सोडली, तर तिसरी. नखं दुखायला लागली. सोडतेय, सोडतेय, सुंभ काही संपेना! आणि मध्येच डोक्यात आलं, अगं सोने, तू निघाली होतीस कशाला? कुणाकडे? आठवेना! चांगुणेचं नाव आठवेना! देवाशप्पथ.

इतक्यात मागून सासूबाईंची हाक. "सोने, परत ये गं. आटोपलं सगळं."

वळून बघते तर आमचंच घर! तुळशीपाशी दिवा, दार सताड उघडं, आतून रडणं. मी धावले. पायरीवर पाय ठेवला आणि पाय गार! गुडघ्यापर्यंत पाणी! कसलं घर नि कसली पायरी, मी ओढ्याच्या डोहात उभी होते. आणखी एक पाऊल, की खोल.

कंदील विझला. कानाशी तोच दमलेला आवाज. "साऱ्यांच्या सोडल्यास. कमरेची कधी सोडणार?"

थांबा. पाणी द्या मला.

ऐका. माझ्या लग्नाला सात वर्षं झाली होती आणि कूस रिकामी. जानाईला नवस बोलून तांबड्या चिंधीत सुपारी बांधली होती, कमरेला. मूल ओटीत घेऊन देवीपुढेच ती सोडायची, असा बोल. आधी सोडली तर नवस फुकट. सासूबाईंनी विचारलं ना, सगळ्या सोडल्यास? तेव्हा मी विसरले नव्हते गं. आठवली होती. हात कमरेला गेलाही होता. आणि मी तो काढून घेतला. म्हटलं, तिला मूल होतंय, मग माझ्याजवळ आहे तेवढंसंही मीच का सोडू? देवीला ठाऊक होतं. आज चांगुणेलाही कळू दे.

पाण्यात उभ्या उभ्या गाठीला हात घातला. ओली चिंधी, सुटेना! दातांनी ओढली. सुटली. सुपारी पाण्यात पडली, बुडूक! आणि वर बघते तर हौसाबाईचा दिवा वीस पावलांवर.

म्हातारी अंगणात उभी. पायांत वहाणा, काखेत बोचकं. एरवी तिला उठवून, बोचकं बांधून निघेपर्यंत अर्धा तास जायचा. मला बघून खेकसली, "पुन्हा कशाला आलीस? मघाशी हाका मारून उठवलंस ना? येतेच म्हटलं होतं!" मग कंदील वर करून माझ्याकडे बघतच राहिली. "आणि तुझे केस कोरडे कसे गं झाले?"

मी तिच्या काखेतलं बोचकं घेतलं. त्याच वाटेनं परतलो. करंज एकदाच लागला.

बाळाच्या गळ्यात नाळेचे दोन वेढे होते. हौसाबाईनं बोटानं अलगद सोडवले. पोर निळं पडलेलं. पाठ चोळली, चोळली, तेव्हा कुठे रडलं. म्हातारी कपाळ पुसत म्हणाली, "अजून थोडा उशीर झाला असता तर..."

आता सांगा, मला डोहात नेलं कुणी? आणि हौसाबाईला उठवलं कुणी? बुडवणारी तीच, तारणारीही तीच, असं असतं का? मला आजवर उमगलेलं नाही. सटवाईचा नैवेद्य करते तेव्हा एक घास साळूच्या नावानं बाजूला काढते. भीतीनं की मायेनं, तेही कळत नाही. जानाईपुढे जाऊन नाक घासलं मी. पुन्हा नवस बोलायचं धाडस झालं नाही. आणि चार वर्षांनी ही तृप्ती झाली, न मागता.

चांगुणे, हसतेस काय?

"अक्का, मी कळा देत होते, आंधळी नव्हते. तुम्ही कमरेवरचा हात काढून घेतलात तो मी पाहिला होता. आणि परत आलात तेव्हा गाठ नव्हती, तेही पाहिलं."

मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?

"तुम्ही सुदामाला न्हाऊ घालत होता रोज. काय म्हणून बोलू?"

बघा! पदर द्या गं कुणीतरी, माझा ओला झाला.

तर तृप्ते, करंजाच्या वाटेनं रात्री जायचं नाही. कुणी माझ्या आवाजात बोलावलं तरी नाही. आणि तशी वेळच येऊ द्यायची नाही. उद्या सकाळी पिशवी भरायची. धुतलेली धडुती, दवाखान्याची कागदं, सगळं. जीपवाल्याचा नंबर भिंतीवर लिहायचा. तारखेच्या आठ दिवस आधी तालुक्याला आत्याकडे जाऊन राहायचं, दवाखाना तिच्या दारात आहे. दृष्ट लागली तर मी काढीन, मी बसलेय ना! आणि पिशवीला गाठ मारू नकोस. चेन लाव.

अगं, दार कशाला लोटतेस? वारा येऊ दे, दिव्याला मी हात धरते. उघडंच राहू दे आज. पाचवीला सटवाई एकटीच येते असं नाही. एखादीचं बाळ बघायचं राहून गेलेलं असतं.