चिमणी गेल्यापासून बाबांशी बोलणं नाही

शुद्धलेखनाचं सांभाळून घ्या हं, शाळा लवकर सुटली माझी, शब्दही साधेच येतात... पण मला सांगा, बापाशी बोलायला मध्ये कुत्रं लागतं, असं घर तुम्ही कुठं पाहिलंय? आमच्यात सरळ बोलायची पद्धतच नाही हो! लहानपणी भुंगी नावाची कुत्री होती, बाबा रंधा मारायचे आणि ती लाकडाच्या भुशात लोळायची, तिच्या कानात मी म्हटलं, मला शाळेत नाही जायचं, बाबा समोरच, सगळं ऐकतायत, पण बोलले कुणाशी? भुंगीशी! "सांग त्याला, उद्यापासून दुकानात ये म्हणावं." झालं, सुतार झालो. मग ढोल्या आला, ताईनं त्याला कुरवाळत सांगितलं की तो चष्मेवाला तिला पसंत नाही, बाबा ढोल्याला म्हणाले, "बरं." मोडलं स्थळ! सरळ बोलायची पद्धतच नाही ना... मग चिमणी. ती म्हातारपणी ठार बहिरी झाली, आता बहिऱ्या कुत्रीला हळू कसं सांगणार? आईचे गुडघे, माझं पोट, सगळं गल्लीला पाठ!

गेल्या महिन्यात चिमणी गेली. बाबा भिंतीला म्हणाले, आता कुत्रं नको, फार जीव लागतो. आणि नेमकी तेव्हाच, तुम्हाला सांगतो, मला औषधाच्या दुकानातली ती आवडायला लागली... तिला रविवारी पाहुणे बघायला येणार, म्हणून तिनं विचारलं, "घरी बोललास का?" अहो, कुणाशी बोलू? आईला म्हटलं, तू सांग ना बाबांना, तर आई म्हणते, "मी काय शेपूट हलवत बसू तुमच्या दोघांच्या मध्ये?"

शेवटी शुक्रवारी दुकानात बाबांसमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, "बाबा, मला एक मुलगी आवडते." सरळ! तोंडावर! बाबांचा रंधा थांबला, कान लाल झाले, त्यांनी भुशाकडे बघितलं, दाराकडे बघितलं, बिचारे कुणाशी बोलणार... सरळ बोलायची पद्धतच नाही! मग रंधा बाजूला ठेवून म्हणाले, "कुत्रं आणू या."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी बेकरीवाल्याकडून त्याच्या कुत्रीचं एक पिल्लू मागून आणलं. बाबांनी ते मांडीवर घेतलं, घसा खाकरला, "विचार त्याला, तिच्या घरी कधी जायचं?" तेवढ्यात पिल्लू मांडीवरच मुतलं... आणि मी तरी काय करणार, पिल्लालाच म्हटलं, "सांग त्यांना, आजच. पँट बदलून."