दादाच्या पानावर बसलेला हुप्प्या

वानराला कुणी देव म्हणालं, की माझं डोकंच फिरतं.

माझा थोरला भाऊ गेला, त्याच्या तेराव्याला आम्ही परसात त्याच्या नावाचं पान वाढलं. धपाटे, बुंदी आणि मिरचीचा ठेचा, सगळं त्याच्या आवडीचं. कावळा काही शिवेना, म्हणून सगळे हात जोडून उभे होते. तेवढ्यात चिंचेवरून एक दांडगा हुप्प्या उतरला, पानापुढं ऐटीत बसला आणि बुंदीचे बकाणे भरायला लागला.

मी दगड उचलला, तर माझे चुलते, आबा, यांनी माझा हात धरला. "मारू नको बे, तुझा भाऊच आलाय."

"आबा, दादा रोज या वानरांमागं गोफण घेऊन पळायचा. त्यो वानर कावून हुईल?"

"आत्म्याचं आपल्याला काय कळतंय? बघ, कसा लई आवडीनं खातोय."

"ठेच्याला तर हात लावंना! ठेचा सोडून बुंदी खाणारा माझा भाऊ न्हाई."

माय रडता रडता हसली. हुप्प्या धपाटा घेऊन पत्र्यावर चढला, तरी आबांचे हात जोडलेलेच.

मी तणतणत घरात गेलो. दुसरं ताट वाढलं आणि चुलीपुढं, दादा बसायचा तिथं ठेवलं.

आबा दारातून ओरडले, "आरं, घरात कावळा कसा यायचा?"

"कावळ्याला कोण बोलावतंय? दादा जेवायला घरातच यायचा."