राखेची खडी

ज्योती : दारात ती काळ्या दगडाच्या खडीची ट्रॉली कोणी रिकामी केली, आबा?

रुपचंद : मी मंगाडी. घर मनं शे, स्लॅब मना शे.

ज्योती : आणि राखेच्या खडीचा कारखाना तुमच्या पोरीचा आहे! जळगावात शाळेवर माझी खडी चढली, धुळ्यात दवाखान्यावर चढली. उद्या लोक विचारतील, बापाच्या घरावर का नाही? काय तोंड दाखवू मी?

रुपचंद : लोकेस्ले काय करनं शे? मानूस शेवटले राख व्हस. राखना खाले संसार कोन करस?

ज्योती : वा! कपाळाला अंगारा लावल्याशिवाय चहा घेत नाही तुम्ही. आईनं जन्मभर राखेनं भांडी घासली, त्यांतच जेवलात. तेव्हा नाही आठवलं स्मशान?

कमलबाई : हळू बोल वं माय, गल्ली ऐकी ऱ्हायनी.

ज्योती : ऐकू दे गल्लीला! आई, खालच्या भिंती मातीत रचलेल्या आहेत. इंजिनीअरनं बजावलंय, वरचं ओझं हलकंच पाहिजे, माझ्या खडीसारखं. या दगडानं भिंत खचली तर खाली झोपतं कोण? तुम्हीच दोघं ना?

रुपचंद : खचू दे!

ज्योती : असं कसं खचू दे? ही माझ्या खडीची गोळी घ्या हातात. लाल होईस्तोवर भट्टीत भाजलीये. दाबा. फुंका. उडते का राख?

रुपचंद : माले नको दखाडू राख! पुरी नोकरी थर्मलना वीजघरमा कोळसानी राखच वढी मी. नाकमा राख, भाकरमा राख. मना जोडीदार रतिलाल खोकली खोकली गया. आजबी रातले मनी छाती वाजस. अन् तू तीच राख मना डोकावर ठेवस?

कमलबाई : हाई कधी बोलनात नही तुम्ही.

ज्योती : आबा, तुमच्या छातीतली मला काढता येत नाही. येत असती तर या हातांनी काढली असती. पण बाहेर तिचे ढीगच्या ढीग पडलेत. वारा सुटला की कुणाच्या ना कुणाच्या लेकराच्या नाकात जाते. मी तिच्या गोळ्या वळते, भाजते. मग ती उडत नाही. तुमच्याकडे बघूनच तर हा धंदा धरला, आणि तुम्हीच मला दारातून परत पाठवता!

(रुपचंद गोळी बोटांत फिरवत बसतो.)

रुपचंद : तुना मानसे तोंडले फडकं बांधतस का?

ज्योती : मास्क देते. सगळे लावतात, मी उभी राहून बघते.

रुपचंद : आनि तू?