दिगंबरनं साफ केलेला माळ

दिगंबर फोटोवाल्याचं कौतुक माझ्यापुढं करू नका. त्यानं मला काय केलं ते तुम्हाला माहीत न्हाई.

मी तवा कुंभार पिंपळगावला मास्तर होतो. हिवाळ्यात माळावर काळविटांचा कळप यायचा. त्याच्या फोटोसाठी आठ दिवस रोज सकाळी दवानं ओल्या गवतात पोटावर पडून राह्यलो. आठव्या दिवशी नऊ काळविटं एका रांगेत उभी राह्यली. डबा क्यामेरा, त्यात ती लांब, पण फोटो बराबर टिपला. रोल घेऊन जालन्याला दिगंबरकडं गेलो.

आता लग्न जमवायला पाठवायच्या फोटोतले देवीचे वण काढण्यात दिगंबरचा हात कोणी धरू शकत न्हाई. त्याचा ब्रश फिरला की वण थेट मांडवातच दिसायचे.

पंधरा दिवसांनी फोटो हातात आला. नुसता माळ.

"दिगंबर, काळविटं कुठं गेली?"

"कसली काळविटं? नऊ डाग होते मास्तर. एकेक करून भरले. बिलकुल कळत न्हाई."

"अरे, माळाचं काय लग्न जमवायचं होतं का?"

तर तोच माझ्यावर चिडला. "दोन दिवस फिल्मवर डोळे फोडले मी. अन् तुम्ही वर मलाच बोलून राह्यले?"

पुढच्या हिवाळ्यात शिकाऱ्यांच्या जीपा आल्या. मंग कळप कधी दिसलाच न्हाई. आता माळ अगदी दिगंबरच्या फोटोसारखा दिसतो. एक डाग न्हाई.