तीनशे कोटींत साठ

दवाखान्याच्या बाकावर नंबराची वाट बघत बसलेल्या, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं होतं, पण कान शेजारच्या बहीणभावाकडे होते. बहिणीच्या मांडीवर तीन महिन्यांचं बाळ झोपलं होतं. त्याला ऐकू येत नव्हतं.

“बाळाच्या जनुकांच्या रिपोर्टात ‘नवीन बदल’ लिहिलंय, म्हणजे काय रे? माझ्यात नाही, तुझ्या दाजींत नाही. मग आला कुठून? मीच काहीतरी वावगं खाल्लं असणार.”

“ताई, आमच्या लॅबमध्ये यीस्टचे दोन वाण आहेत. खाणं तेच, ऊब तीच. एकात जनुकांतल्या चुका दहापट निघायच्या. मला वाटलं, माझाच हात अस्वच्छ. महिनाभर यीस्ट वाढवलेल्या बशा फेकल्या, वर मॅडमची बोलणी खाल्ली.”

“तू आहेसच वेंधळा.”

“पण हात स्वच्छ होता गं! तो वाणच तसा. पेशीची दुसरी पेशी होताना जनुकांचा सगळा मजकूर नव्यानं उतरवला जातो, आणि तपासणारेही आतच असतात. कुणाचे कडक, कुणाचे जरा सैल. माणसांतही थोडाफार फरक असतोच.”

“मजकूर केवढा?”

“आपला? तीनशे कोटी अक्षरं.”

“आणि चुका?”

“प्रत्येक बाळात नव्या साठ-सत्तर. तुझ्यात, माझ्यात, आतल्या डॉक्टरांतसुद्धा. बहुतेक कधी कळतही नाहीत.”

“तीनशे कोटींत साठ?”

घड्याळजींचं वर्तमानपत्र खाली आलं.

“आणि माझेच तपासणारे सैल असले तर?”

“असतीलही. पण त्यांना तू नेमलंस का?”

तिनं बाळाची मूठ हळूच उघडली.

“एवढं सगळं बिनचूक उतरत होतं, आणि मला पत्ताच नव्हता.”