दोन सीटची गाडी

हॅलो? … हॅलो, ऋषी? … अरे, कुठे होता तू? किती फोन केले मी!

नाही, चोरी नाही झाली. … अरे ऐक ना, ऋषिकेश! गाडी कोणी पळवली नाही. मीच नेऊन राहिली. … हो, मी. मयुरा. तुझी बायको.

गाडी सुरू झाल्याचा मेसेज आला म्हणून फोन केला? आणि माझे मिस्ड कॉल? … बरं. मीटिंग होती. बरं. आता ओरडू नको. तुझा आवाज स्पीकरवर आहे, पूर्ण गाडीत घुमून राहिला. बाजूले बाबा बसले आहेत.

हो, बाबा. तुझे बाबा. … या गाडीत, हो.

छातीत दुखून राहिलं त्यांच्या.

ऋषी? … हॅलो? … हां, ऐकू येते. हळू बोल. ते ऐकून राहिले.

जेवण झाल्यापासून. आधी म्हणे गॅस आहे. मी ओवा दिला. मग डावा हात धरून बसले, घाम सुटला. कूलरसमोर बसून घाम, ऋषी. … ॲम्ब्युलन्सले फोन लावला ना, एकशे आठले. पारडीकडे आहे म्हणे, अर्धा तास तरी लागेल. ओला दोनदा कॅन्सल झाली. मोठी गाडी आईसोबत अमरावतीले. मग काय करू? तू आज ऑफिसातल्या सौरवच्या गाडीत गेला, तुझी ही स्पोर्ट्स कार पोर्चमध्ये उभी होती. … शेजारचे नत्थूजी आणि मी, दोघांनी मिळून बसवलं. त्यांच्याजवळ रक्त पातळ करायची गोळी होती, ती चावाले लावली.

बेसा चौक सोडला आत्ता. … नाही रे, माझ्या हातात फोन नाही, गाडीनं आपोआप उचलला.

ऐक, मले हे सांग आधी, हिच्या ॲक्सिलरेटरले काय झालं आहे? जरासा पाय ठेवला की उडते. गेटमधून निघताना समोरचा हातठेला थोडक्यात वाचला. … कोणती चकती? स्टीअरिंगवर? … ही लाल? … नाही, लाल नाही, गोल. हां. … डावीकडे फिरवली. 'वेट' असं आलं. … अरे, पण पाऊस कुठे आहे, शेहेचाळीस डिग्री… बरं बरं. हळू पळते म्हणून. हो. हो, आता नरम झाली.

बाबा, ठीक आहे ना? … टेका तुम्ही, मान मागे ठेवा. बोलू नका.

स्पीड ब्रेकर आला, ऋषी. … कोणतं बटन? … नाक वर कराचं? ते बाणाचं चित्र? … दाबलं. काही नाही झालं. … हां, हां, उठून राहिली. किती हळू उठते! तू रोज असा जातो ऑफिसले? प्रत्येक ब्रेकरले बटन दाबून? … निघाली. नाही घासली.

दुसरा आला. … नाही, आता नाही थांबत. … घासली. हो, तो आवाज तोच होता. समोरून काहीतरी लोंबून राहिलं असं वाटते. … काय म्हटलं? … घासू दे? … बरं झालं तूच म्हटलं.

काय बाबा? … ऐकलं का तू, ऋषी? 'एसी चांगला आहे' म्हणतात.

दीड वर्ष झालं ना गाडी घेऊन. त्यांनी हातही लावला नाही. … मले माहीत आहे रे. तू किती वेळा म्हटलं, एक चक्कर मारा, गांधीबागेत दुकानापुढे उतरवतो. ते आपले स्कूटरवर. … नाही, तुले वाटते ते नाही. त्यांनी मले सांगितलं होतं एकदा. गाडीचा राग नाही. ज्या दिवशी गाडी आली, तू दार उघडून दाखवलं, आत दोनच सीटा. ते म्हणे, घरात माणसं चार आणि पोरानं दोघांची गाडी आणली. आपली जागा नाही, हे सांगाची ही रीत. … मी काहून सांगितलं नाही? कारण त्यांनी शपथ घातली होती, बाबा. म्हणजे ऋषी. मले काही सुचून नाही राहिलं.

नाही, बाबा, मी काही नाही बोलली. डोळे मिटा तुम्ही.

मानेवाडा चौक. सिग्नल लाल आहे. पुढे पूर्ण गाड्याच गाड्या. … हो, हॉर्न देऊनच राहिली.

अरे देवा. पोट्टे आले. … तेच, बाईकवाले. मोबाईल काढले सगळ्यांनी. समोर उभे राहून शूटिंग करून राहिले. … 'ताई, एकदा आवाज काढा' म्हणते तो. … थांब, काच खाली करते.

भाऊ! ए भाऊ! बाजूले हो! पेशंट आहे आत, हार्टचा पेशंट! … रील नाही रे ही, माणूस आहे! हे पाहा, आत पाहा!

हसून राहिले, ऋषी. त्यांले वाटते मी नाटक करते. या गाडीत कोणी आजारी राहूच शकत नाही त्यांच्या हिशोबानं.

पोलीस आली. बाई आहे. … हो ताई? … काय? … समोर नंबर प्लेट नाही म्हणते. … ऋषी, समोर नंबर प्लेट काहून नाही हिले? … चांगली दिसत नाही म्हणून? तू… जाऊ दे.

ताई, चालान करा, फोटो काढा, लायसन्स घरी आहे, सगळं करा. फक्त इकडे वाकून पाहा. हे माझे सासरे. … हो. छातीत. … हो ताई.

ऋषी, थांब, थांब… तिनं शिट्टी मारली. डावीकडचं ट्रॅफिक अडवून राहिली. बाईकवाल्याची चावीच काढली तिनं! … रस्ता केला. … निघाली मी. निघाली.

हो, धंतोलीच्या हॉस्पिटललेच जाऊन राहिली. त्यांची फाईल तिथे आहे, माहीत आहे मले. डॉक्टरले तू फोन लाव. … लावला? … बरं. तू निघाला? … सौरवले चालवू दे. तू नको चालवू, ऋषी, ऐकून राहिला ना?

बाबा? … बाबा, बोला ना काहीतरी. मगाशी बोलू नका म्हटलं, आता बोला. … बाबा?

ऋषी, ते उत्तर नाही देऊन राहिले. … श्वास आहे. तोंड उघडं आहे. ओठांचा रंग… मी कशी पाहू, मी चालवून राहिली! … हात थंड आहे. घामानं ओला.

पुढे जाम आहे. पूर्ण. तुकडोजी पुतळ्यापर्यंत लाल दाखवते नकाशावर. … किती वेळ लागेल, मले काय माहीत! वीस मिनिटं, पंचवीस…

ऐक. इथे डावीकडे एक हॉस्पिटल आहे. हिरवा बोर्ड. हार्टचं लिहिलं आहे, चोवीस तास लिहिलं आहे. … नाव नाही माहीत मले. … नाही, तुझ्या डॉक्टरचं नाही. … अरे, पण फाईल काय करेल? … ऋषी, तू तिथे बसून बोलून राहिला. मी पाहून राहिली त्यांले. … ओळखीचं नसू दे. … नाही. … नाही म्हटलं ना! मी वळवून राहिली. काही झालं तर माझ्यावर घाल. जन्मभर बोल मले. पण मी वळवली.

वळवली.

रॅम्प आहे. पुन्हा घासली. आली मी पोर्चमध्ये. … भैया! स्ट्रेचर! स्ट्रेचर आणा! हार्टचा पेशंट आहे!

थांब, फोन हातात घेते. … हॅलो? आहे ना तू? … हो, वॉर्डबॉय आले, दोघं. डॉक्टर मॅडम पण धावत आली. …

ऋषी, निघून नाही राहिले ते! सीट किती खोल आहे ही! खड्ड्यात बसल्यासारखे बसले आहेत. दार अर्धंच उघडते, बाजूले खांब आहे. … गाडी मागे कशी घेऊ, मागे ॲम्ब्युलन्स लागली. … ते ओढून राहिले, खांदा अडकून राहिला. स्ट्रेचर इतका वर, हे इतके खाली. … भैया, मान सांभाळा त्यांची!

काय? … छत? … छत उघडते हिचं?

कुठे? … दोन सीटांच्या मध्ये. झाकण आहे. … उघडलं. बटन ओढाचं? वर? … ओढलं. … सरकलं! … थांबलं. अर्ध्यात थांबलं, ऋषी! … हां. ओढून धराचं. सोडाचं नाही. … ब्रेकवर पाय? ठेवला. … धरून आहे. जाऊन राहिलं मागे. … गेलं. पूर्ण गेलं.

डॉक्टर माझ्या बाजूनं सीटवर चढली. गुडघे टेकून. वॉर्डबॉय बोनेटवर पाय देऊन… चढू दे. … एक, दोन… उचलले! वरून उचलले! … स्ट्रेचरवर आहेत. ठेवले.

छाती दाबून राहिले, ऋषी.

पळत जाऊन राहिली मी पण. … आत नेलं. मले दारात थांबवलं.

… बीपीची गोळी, डॉक्टर. रोज सकाळी. शुगर नाही. … वय एकाहत्तर. … देवराव. देवराव नाव. … हो, ॲस्पिरिन दिली होती, चावून.

ऋषी, तू आहेस का? … पडद्याच्या फटीतून दिसते थोडं. … नको विचारू काय दिसते ते. … मशीन आणलं. सगळे मागे सरकले.

शॉक दिला.

नाही. अजून काही नाही. पुन्हा दाबून राहिले.

बोल ना काहीतरी. … काहीही बोल. कुठे आला तू? … चिंचभवनच्या पुढे? बरं. … हो, मी पण तेच म्हणून राहिली मनात. … नको रे, असं नको म्हणू. तुझ्या गाडीमुळे काहून? दुसरी असती तर त्यातही हेच झालं असतं. … ऐक. ऋषी. तू रडशील तर मी कोणाकडे पाहू?

थांब. … थांब, थांब, एक मिनिट…

आवाज येऊन राहिला. मशीनचा. टूक टूक असा. … डॉक्टरनं मान वर केली. … मॅडम? … हो? … आले?

आले! ठोके आले! ऋषी, ठोके आले त्यांचे!

हो. हो. … नाही, मी ठीक आहे, खाली बसली फक्त. भिंतीले टेकून. … हो, आहे ना जीव. आहे. ती म्हणते, पाच मिनिटं उशीर झाला असता आणि ठोके रस्त्यातच बंद पडले असते तर कठीण होतं. … नको म्हणू सॉरी. तू घाबरला होता. मी पण घाबरली होती.

आता अँजिओप्लास्टी म्हणते. लगेच. वरच आहे सोय, तिसऱ्या माळ्यावर. सही पाहिजे. … मी करू? … तू सांग. आत्ता तू सांग, तुझे बाबा आहेत. … बरं. करते. … केली. मॅडम, सून आहे मी. मुलगा रस्त्यात आहे.

बाहेर आणलं त्यांले. लिफ्टजवळ. … ऋषी, डोळे उघडे आहेत! … ओळखलं मले. हो, ओळखलं, बोटं दाबली. …

सिस्टर, एक सेकंद. एकच. मुलगा आहे फोनवर, एकुलता एक आहे. लिफ्ट येईपर्यंत, ताई. … थँक्यू.

ऋषी, फोन त्यांच्या कानाले लावून राहिली. पटकन बोल. … बाबा, ऋषी आहे. तुम्ही काही बोलू नका, नुसतं ऐका. …

…

…

हो सिस्टर, झालं. … बाबा, आम्ही इथेच आहो. खालीच आहो.

हॅलो? … हो, मीच. नेलं त्यांले वर. … नाही, बोलले नाही काही. मास्क होता. … ऐकलं ना, पूर्ण ऐकलं. मान हलवली. दोनदा. आणि डोळ्यातून पाणी इकडे कानाकडे गेलं, ते मी पुसलं पदरानं. … खरंच रे. मी कशाले खोटं बोलू?

तू काय बोलला ते मले नको सांगू. तुमच्या दोघांचं राहू दे ते.

गाडी? गाडी पोर्चमध्ये आहे, उन्हात, उघडीच. चावी सिक्युरिटीवाल्याच्या हातात दिली. चालू करता येत नाही त्यांले, ढकलून राहिले बिचारे. … नको, नको सांगू त्यांले काही. ढकलू दे.

आईले अजून नको कळवू. अमरावतीहून एकट्या निघतील घाईनं. आधी वरचं होऊ दे, मग मी बोलते. … हो.

आणि ऐक, येताना रस्त्यात कुठे दुकान दिसलं तर चप्पल घेशील का? … माझ्यासाठी. अनवाणीच आली मी. आत्ता पाहून राहिली, तळवे लाल झाले पूर्ण. … नाही, तेव्हा नाही भाजलं. आत्ता भाजून राहिलं. … कोणतीही आण रे. पाच नंबर.

बरं, डॉक्टर बोलावून राहिली. … हो. तिसरा माळा. सरळ वर ये. … हो. ठेवते.